वाचकांचे प्रश्न : यरीहोची भिंत सापडली का?

गेल्या अंकात जुन्या गोव्याच्या सांत आगुस्तीन मठावर लिहिलं होतं. तो अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणमधल्या शिराजला शाह अब्बासच्या हुकमाने हाल करून मारलं. आगुस्तीन पंथाच्या पाद्रींनी तिच्या काही अस्थी गोव्यात आणल्या आणि मठातल्या कुठल्या खिडकीपाशी ठेवल्या ते कागदावर नोंदवलं. पुढे मठच कोसळला. पुरातत्त्व खात्याने ढिगारा उपसून भिंतींचा आराखडा जुळवला, तेव्हा ती खिडकी कुठे असणार ते कळलं आणि हाडं मिळाली. हैदराबादच्या प्रयोगशाळेने ती तपासली आणि २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिबिलिसीला नेऊन दिली.

कागद आणि कुदळ यांची अशी गाठ पडल्याचं वाचून बऱ्याच जणांनी एकच सूर लावला : मग बायबलचं काय? आलेल्या पत्रांतली निवडक घेतो. काही पत्रं लांबलचक होती, ती कापली आहेत. लिहिणाऱ्यांनी राग मानू नये.

आमच्या वर्गातली एक मुलगी विचारते, ‘टीचर, यरीहोच्या भिंती शिंगांच्या आवाजाने पडल्या, त्या खणून काढल्या आहेत ना?’ मुलगी श्रद्धाळू घरातली आहे. तिला दुखवायचं नाही आणि खोटंही सांगायचं नाही. काय सांगू?
— एक शिक्षिका, म्हापसा

बाई, भिंती सापडल्या आहेत. पंचाईत अशी, की एक सोडून अनेक सापडल्या, आणि हव्या त्या काळातली नेमकी नाही.

आधी जागा समजून घ्या. यरीहो म्हणजे पॅलेस्टाईनमधलं पांढरीचं टेकाड. घाटावरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आपल्याकडे जांभा दगड आणि धो धो पाऊस, त्यामुळे गोव्यात सांगावं लागतं. कच्च्या विटांचं घर पडतं, तीच माती सपाट करून वर दुसरं उभं राहतं. राख, शेण, हाडं, फुटकी मडकी साचत जातात आणि हजारो वर्षांत गाव स्वतःच्याच कचऱ्यावर चढून बसतं. डेक्कन कॉलेजात शिकत असताना घोड नदीच्या काठी इनामगावला मी जी माती चाळली, तीही पांढरच. यरीहोचं टेकाड भोवतालच्या जमिनीपासून सुमारे वीस मीटर उंच आहे. त्यात शहरावर शहर आणि भिंतीवर भिंत रचलेली आहे.

१९३० ते ३६ या काळात जॉन गार्स्टँग यांनी तिथे खणलं. त्यांना कोसळलेली दुहेरी तटबंदी आणि जळका थर दिसला. बायबलात ज्याच्या स्वारीत या भिंती पडतात तो सेनापती यहोशवा. ‘हीच यहोशवाची भिंत’ असं त्यांनी जाहीर करून टाकलं आणि वर्तमानपत्रांना वर्षभराचा मजकूर मिळाला. १९५२ मध्ये कॅथलीन केन्यन तिथे उतरल्या. या बाई मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली तयार झालेल्या. होय, तेच व्हीलरसाहेब, जे १९४४ ते ४८ आपल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते आणि ज्यांनी तक्षशिलेला आपल्या पोरांना खणायला शिकवलं. त्यांची रीत अशी, की दोन खड्ड्यांच्या मध्ये न खणलेली उभी भिंत राखायची आणि तिच्या कापावर थर वाचत जायचे. इनामगावला आमच्याकडेही हीच शिस्त होती. त्या राखलेल्या भिंतीवर कोणी पाय दिला, की अख्ख्या छावणीला ऐकू जाईल अशी बोलणी बसत.

केन्यनबाईंनी असे कापच्या काप उभे वाचले. गार्स्टँगची तटबंदी निघाली इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातली, म्हणजे यहोशवाच्या कित्येक शतकं आधीची. त्यानंतरचं तटबंदीचं भरभक्कम शहर जळलं होतं खरं, पण इ.स.पू. १५५०च्या आसपास. त्या जळक्या थरात धान्याने भरलेले रांजण होते, दाणे कोळसा होऊन टिकलेले. पुढे त्याच दाण्यांचं कार्बन-१४ मापन झालं आणि उत्तर इ.स.पू. सोळाव्या शतकाकडेच गेलं. यहोशवाची स्वारी अभ्यासक इ.स.पू. पंधराव्या नाहीतर तेराव्या शतकात धरतात. त्या वेळी यरीहोला फारतर एक लहानशी वस्ती होती. तट नव्हता.

काही जण म्हणतात, वरचे थर पावसावाऱ्याने वाहून गेले असतील. काही झीज झाली आहे हे केन्यनबाईही मान्य करत. पण अख्खा तट वाहून जावा आणि पायथ्याला त्याचा ढिगाराही उरू नये, हे मला पटत नाही.

त्या मुलीला हे सगळं सांगा, आणि वर एक गोष्ट सांगा. त्याच टेकाडाच्या तळाशी केन्यनबाईंना दगडी बुरूज सापडला. साडेआठ मीटर उंच, आत बावीस पायऱ्यांचा जिना, काळ इ.स.पू. ८०००च्या सुमाराचा. तेव्हा तिथल्या लोकांना मडकं घडवायलाही येत नव्हतं. पुढे त्याच टेकाडावर राहिली मेलेल्यांच्या कवट्यांवर गिलावा देऊन चेहरे घडवणारी, डोळ्यांच्या जागी शिंपले बसवणारी माणसं. बायबलमधल्या सगळ्या राजांना ती आपल्याला शिवाजी महाराज जितके जुने, त्याच्या कितीतरी पट जुनी. मुलं भिंत विसरतात आणि ते शिंपल्यांचे डोळे लक्षात ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

नातू मोबाइलवर ‘येशूची होडी’ दाखवतो. दोन हजार वर्षं लाकूड टिकतं? आमच्या होड्या पन्नास वर्षं धड काढत नाहीत, काजूचं तेल लावलं तरी. किडा पोखरून चाळण करतो. खरं काय ते लिहा. देव बरें करूं.
— एक होडीवाला, शिवोली

पात्रांव, शंका अगदी धंद्यातल्या माणसाची आहे, आणि उत्तरही तुमच्याच पत्रात आहे. तुमचा किडा खाऱ्या पाण्यातला. गालील समुद्र हा नावालाच समुद्र, प्रत्यक्षात ते गोड्या पाण्याचं सरोवर. तिथे तो किडा नाही. आणि ही होडी पाण्यात नव्हती, गाळात होती. घट्ट चिखलात हवा पोचत नाही, म्हणून कुजवणारे जंतूही जगत नाहीत.

१९८६ मध्ये मोठा दुष्काळ पडला. सरोवराचं पाणी मागे हटलं आणि गिनोसरच्या दोघा मच्छीमार भावांना उघड्या चिखलात लंबगोल आकाराची एक रेघ दिसली. मोजली तेव्हा होडी निघाली ८.२ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद. कार्बन मापनाने आणि सोबतच्या खापरांनी काळ ठरला : येशूच्या जन्माच्या आगेमागे. ती येशूची होती, त्याच्या शिष्याची पेत्राची होती की आणखी कोणा नाखव्याची, हे सांगणारं काहीही तिच्यावर नाही. ‘येशूची होडी’ ही पाटी पर्यटनवाल्यांची.

पण तुम्हाला आवडेल अशी गोष्ट वेगळीच आहे. तिच्यात बारा जातींची लाकडं आहेत. फळ्या मुख्यतः देवदाराच्या, आतल्या वाकाट्या ओकच्या, आणि बाकी जे हाती लागलं ते. काही फळ्या आधीच्या कुठल्यातरी होडीतून काढून इथे बसवलेल्या. जोडकाम मात्र कुशल : फळीच्या काठाला खाचा पाडून त्यांत लाकडी जिभा बसवलेल्या आणि वरून खुंट्या ठोकलेल्या. पुन्हा पुन्हा डागडुजी केलेली. शेवटी मालकाने उपयोगी भाग काढून घेतले आणि सांगाडा किनाऱ्यावर सोडून दिला. म्हणजे माणूस गरीब, सुतार पक्का. तुमच्या ओळखीतले असे दोन-चार जण तुम्हाला लगेच आठवतील.

आणि ती काढली कशी? ते लाकूड ओल्या साबणासारखं झालं होतं. उघडं पडून सुकलं असतं तर भुगा. म्हणून सतत पाणी शिंपडत, वर टांगलेल्या फळ्यांवर पालथं झोपून लोकांनी रात्रंदिवस चिखल काढला. मग फायबरग्लासच्या फासळ्या बसवून सगळी होडी फेसाळ प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळली आणि सरोवरातच तरंगवत नेली. दोन हजार वर्षांनी ती पुन्हा पाण्यावर चालली. पुढे कित्येक वर्षं मेणासारख्या रसायनाच्या टाकीत ठेवली, जेणेकरून लाकडातलं पाणी जाऊन त्या जागी मेण बसेल. आता गिनोसरच्या संग्रहालयात आहे.

तुर्कस्तानात नोहाचं तारू सापडल्याचा व्हिडिओ पाठवत आहे. कृपया मत द्यावे.
— निवृत्त बँक अधिकारी, मडगाव

पाहिला. हा व्हिडिओ दर पावसाळ्यात फिरतो. त्यात दिसतो तो होडीच्या आकाराचा उंचवटा १९५९ मध्ये तुर्की लष्कराच्या हवाई छायाचित्रांत लक्षात आला. भूवैज्ञानिकांनी तपासलं, नैसर्गिक रचना निघाली. विषय संपला.

खरी गंमत दुसरीकडे आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ नावाचा एक जण काम करत होता. मूळ धंदा नोटा छापायचे ठसे कोरण्याचा, शिक्षण बेताचं, पण आजच्या इराकमधल्या निनवेहून आलेल्या मातीच्या पाट्यांवरची बाणाकृती लिपी स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. १८७२ मध्ये एका फुटक्या पाटीवर त्याला वाचायला मिळालं, की जहाज डोंगरावर टेकलं, माणसाने कबुतर सोडलं आणि बसायला जागा न मिळाल्याने ते परत आलं. म्हणतात, तो आनंदाने खोलीभर पळत सुटला आणि अंगावरचे कपडे काढू लागला. इंग्रज माणूस! ही मेसोपोटेमियाच्या गिल्गामेश महाकाव्याची अकरावी पाटी, आणि तिच्यातली प्रलयकथा बायबलमधल्या नोहाच्या कथेसारखीच. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याने ती सभेत वाचली तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन समोर बसले होते. एका वर्तमानपत्राने लगोलग हजार गिनी देऊन त्याला उरलेले तुकडे शोधायला निनवेला पाठवलं, आणि प्रलयकथेचा आणखी एक तुकडा त्याला तिथे खरंच मिळाला. पुढच्या एका सफरीत तो आजारी पडून गेला, अवघा छत्तीस वर्षांचा.

आणखी जुन्या एका पाटीवर, इ.स.पू. १९०० ते १७०० मधल्या, तारू बांधायची मापंच दिली आहेत. ते तारू लांबट नाही. हंपीला तुंगभद्रेत चालतात तशा टोपलीसारखं गोल आहे, फक्त अवाढव्य. तेव्हा डोंगरात लांबट आकार शोधणाऱ्यांनी हेही एकदा वाचावं.

मी खाणीत सर्वेक्षक होतो. यरुशलेमचा हिज्कीयाचा बोगदा दोन्ही टोकांकडून खणत आणला असं वाचलं. होकायंत्र नाही, दुर्बीण नाही, मग मधे गाठ पडली कशी? की ही नंतर रचलेली कथा?
— कुडचडे

कथा नाही. मी त्यात चाललो आहे. इथून निघालेल्या यात्रेकरूंच्या गटाबरोबर गेलो होतो. गट प्रार्थनेला गेला आणि मी टॉर्च घेऊन पाण्यात उतरलो.

इ.स.पू. ७०१. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर, म्हणजे हिज्कीया राजाच्या राज्यावर, चालून आला. शहराचा झरा तटाबाहेर, म्हणजे वेढा पडला की गळा आवळला. म्हणून खडकाखालून ५३३ मीटरचा बोगदा पाडून झऱ्याचं पाणी शहराच्या दुसऱ्या अंगाला आणलं. एवढ्या लांबीत उतार जेमतेम तीस सेंटिमीटर. तुम्ही आयुष्यभर लेव्हल लावली आहे, या आकड्याची किंमत मी तुम्हाला काय सांगणार? आणि बोगदा सरळ नाही. नागमोडी आहे, सरळ काढला असता त्याहून कितीतरी लांब.

गाठ पडली त्या जागी उभं राहिलं की खडकच बोलतो. एका बाजूने आलेल्या छिन्नीचे घाव एका दिशेला कललेले, आणि दोन पावलांवर घावांचा कल उलटा. त्या जागेच्या अलीकडे पलीकडे बोगदा वेडावाकडा वळतो. थोडं डावीकडे, मग चुकलं म्हणून उजवीकडे. बाजूला अर्धवट खणून सोडलेले कोपरे दिसतात. मी हात लावून पाहिले. माणसं खडकापलीकडचा आवाज ऐकून दिशा बदलत होती हे उघड आहे.

हा माझा तर्क नाही, त्यांनीच लिहून ठेवलंय. १८८० मध्ये तिथे खेळणाऱ्या पोरांना तोंडाजवळच्या भिंतीवर सहा ओळींचा कोरीव लेख दिसला. त्यात आहे : तीन हात खडक उरला असताना एकमेकांना हाक मारणाऱ्यांचा आवाज ऐकू आला, आणि ज्या दिवशी भोक पडलं त्या दिवशी कुदळीसमोर कुदळ आली, पाणी बाराशे हात वाहत गेलं. गंमत म्हणजे राजाचं नावच नाही. देवाचंही नाही. मला तर तो कोणा मुकादमाने लिहवून घेतला असावा असंच वाटतं. लेख ओस्मानी अमलात कापून नेला, आता तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. बोगद्याच्या गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींचं कार्बन मापन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं, तेही इ.स.पू. ७००च्या आसपासचंच.

एवढ्या लांब दोन टोकं जवळ आली कशी, यावर मात्र भांडण आहे. एक मत असं, की खडकात पाण्याने आधीच चीर पाडली होती आणि ते तिच्या मागे गेले. दुसरं असं, की वरून जमिनीवर घण मारून खालच्यांना दिशा देत. तुमचं मत मला जरूर कळवा. खाणीतल्या माणसाचं मत प्राध्यापकाच्या मतापेक्षा मला जास्त कामाचं वाटतं.

आणि आता या प्रकरणातली मला सर्वात आवडणारी बाजू. ही लढाई आपल्याला दोन्ही पक्षांकडून कळते. सन्हेरीबाच्या मातीच्या षट्कोनी लेखात तो फुशारकी मारतो, की मी सेहेचाळीस तटबंद शहरं घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमात कोंडलं. यरुशलेम घेतलं असं मात्र म्हणत नाही. बायबल म्हणतं, देवदूताने अश्शूरी छावणी एका रात्रीत मारली. खंडणीत सोनं तीस किक्कार (तेव्हाचं वजनाचं माप), हे दोघांनाही मान्य. चांदी बायबलात तीनशे, सन्हेरीबाकडे आठशे. सरकारी आकड्यांची ही तऱ्हा तेव्हाही होती.

यहूदातलं लाखीश शहर पडलं ते तर सन्हेरीबाने निनवेच्या महालात भिंतभर कोरून घेतलं. ते दगड लंडनला आहेत आणि स्वतंत्र दालनात लावले आहेत. मी तिथे एकाच चित्रासमोर बराच वेळ उभा होतो : तटाला लावलेला उतार, त्यावर वर सरकणारं तोडयंत्र, वरून पडणाऱ्या जळत्या मशाली, आणि यंत्रावर पळीने पाणी ओतणारा एक शिपाई. खाली बैलगाडीवर बोचकं बांधून, पोरं वर बसवून शहर सोडणारी कुटुंबं. लाखीशला खणलं तेव्हा तो दगडांचा उतार जागेवर निघाला, आणि लोखंडी बाणांची टोकं तर शेकड्यांनी.

बोगद्यात जायची वेळ आली तर रबरी चपला घ्या. पाणी कुठे घोट्याला, कुठे मांडीला. चामडी जोडा फुकट जातो.

शलमोनाची जहाजं ज्या ओफिरहून सोनं आणि चंदन नेत ते ओफिर म्हणजे आपलं नालासोपारा, असं एका व्याख्यानात ऐकलं. अभिमान वाटला. खरं आहे का?
— वेंगुर्ले

नावं जुळतात म्हणून इतिहास जुळत नाही. शलमोन हा बायबलातला राजा, इ.स.पू. दहाव्या शतकातला. सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उघडला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथलाच. अशोक इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. मधली सातशे वर्षं भरून काढणारं काही हाती नाही. ओफिर हे नाव बायबलाबाहेरही आहे. तेल अवीवजवळ मिळालेल्या एका खापरावर ‘ओफिरचं सोनं, तीस शेकेल’ अशी नोंद आहे, इ.स.पू. आठव्या शतकाच्या अक्षरांत. म्हणजे त्या नावाचं सोनं बाजारात होतं, पण ठिकाण कळत नाही. अरबस्तान, आफ्रिकेचा किनारा, हिंदुस्थान, सगळे दावेदार.

अभिमानच हवा असेल तर पक्क्या गोष्टींचा बाळगा. इराकमधल्या ऊरच्या राजघराण्याच्या कबरींत लेनर्ड वूली यांना सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी नक्षी काढलेले लाल अकीकाचे मणी मिळाले. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांत काळी मिरी आहे, आणि मिरी आपल्याच पश्चिम घाटाच्या रानातली. आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायलमधल्या मगिद्दोला पुरलेल्या माणसाच्या दातांवरच्या किटणात हळदीचे अंश मिळाले, शलमोनाच्याही कित्येक शतकं आधीचे. वेंगुर्ल्याच्या माणसाला हळदीपेक्षा मोठा पुरावा कशाला हवा?

पुतण्या आखातात आहे. त्याने ‘येशूच्या काळातला’ मातीचा दिवा आणि हिब्रू अक्षरं लिहिलेला चामड्याचा तुकडा विकत घेतला. विकणाऱ्याने प्रमाणपत्र दिलं आहे. किंमत मोठी सांगितली. अस्सल आहे का?
— पणजी

फोटो पाहिले. दिवा कदाचित खरा असेल. त्या काळातले साधे दिवे हजारोंनी सापडतात आणि फारसे महागही नसतात. पण कुठल्या घरातून, कुठल्या थरातून, कशाच्या शेजारून उचलला हे गेलं, म्हणजे तो दिवा मुका झाला.

चामड्याचं मात्र ऐका. १९४७च्या सुमाराला मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत गुराखी पोरांना रांजणांत गुंडाळ्या मिळाल्या. त्या बेथलेहेमच्या एका जोडेवाल्याकडे पोचल्या आणि त्याच्याकडून बिशपाकडे. बिशपाने पुढे अमेरिकेत त्यातल्या चार गुंडाळ्यांची चक्क वर्तमानपत्रात जाहिरात दिली, १ जून १९५४ रोजी, किरकोळ जाहिरातींच्या रकान्यात. इस्रायलसाठी त्या अडीच लाख डॉलरना घेतल्या गेल्या. त्यांतली यशयाची गुंडाळी सात मीटरहून लांब आहे आणि तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा हजार वर्षं जुनी. या एका शोधाने बाजार पेटला. पुढे वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने मोठ्या खर्चाने सोळा तुकडे जमवले. २०२०च्या तपासणीत सोळाच्या सोळा बनावट निघाले. चामडं जुनं, बहुधा जुन्या जोड्यांचं. पण शाई सुरकुत्यांत आणि भेगांत उतरलेली, म्हणजे चामडं आधी फाटलं आणि अक्षरं नंतर लिहिली गेली.

पुतण्याला भिंग घ्यायला सांगा. भेगेत शाई उतरली असेल तर पैसे परत मागावेत. मिळणार नाहीत, पण मागावेत. आणि प्रमाणपत्राचं काय, ज्याला अक्षरं लिहिता येतात त्याला प्रमाणपत्रही लिहिता येतं.

हिंदू असून परक्या धर्मग्रंथाच्या भूमीचं एवढं कौतुक कशाला?
— नाव नाही, फोंड्याचा शिक्का

मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही नावं काळ पक्का सांगता येईल अशा लेखात सर्वात आधी कुठे मिळतात ठाऊक आहे? तुर्कस्तानात, बोगाझकोयला. हित्ती राजा आणि मितन्नी राजा यांच्या इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या तहात, मातीच्या पाटीवर, साक्षीदार म्हणून. आणि हे हित्ती, त्यांच्या नगरांचा पत्ता लागेपर्यंत जगाला मुख्यतः बायबलातल्या उल्लेखांवरूनच माहीत होते. पुढच्या वेळी पत्रावर नाव घाला, चहाला बोलावतो.

बारावीत आहे. मला हे शिकायचं आहे. घरचे म्हणतात, दगडमातीत पोट भरत नाही. आत्तापासून काय करू?
— डिचोली

पोट भरतं, चैन होत नाही. घरच्यांना तेवढं खरं सांग. पदवीला इतिहास, भूगोल, रसायन, काहीही चालेल. पुढे पुण्याला डेक्कन कॉलेज आहे. पहिली दोन वर्षं खापरं धुण्यात जातात, त्याला कंटाळलीस तर हा धंदा तुझा नाही. सर फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९० मध्ये पॅलेस्टाईनमधल्या तेल एल-हेसी या टेकाडाला कापावर थर वाचत कुठल्या थरात कुठलं खापर हे लावून दाखवलं, तेव्हा कुठे त्या भूमीतल्या थरांना क्रम मिळाला. सोनं सापडलेलं कोणाला नकोय? पण काळ कळतो तो मडक्याच्या काठावरून.

आत्ता शिकण्यासारखी एकच गोष्ट सांगतो, शिलालेखाचा ठसा घेणं. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकत अक्षरांच्या खोबणीत उतरवायचा. १८६८ मध्ये मवाबाच्या मेशा राजाचा काळा शिळालेख जॉर्डनपलीकडे धिबानला एका मिशनऱ्याला दिसला. इ.स.पू. नवव्या शतकातला, इस्राएलाशी झालेली लढाई मवाबाच्या बाजूने सांगणारा. तो मिळवायला युरोपियनांची चढाओढ लागली, ओस्मानी अधिकाऱ्यांचा दबाव आला, आणि तिथल्या बदाऊंनी चिडून दगड तापवला, वर गार पाणी ओतलं आणि फोडून तुकडे वाटून घेतले. पण त्याआधी क्लेर्मों-गानो या तरुण फ्रेंच अभ्यासकाने एकाला पाठवून ठसा घेववला होता. तिथे मारामारी झाली, ओला कागद फाटला, त्याच्या चिंध्या सदऱ्यात कोंबून सोबतचा एक स्वार घोड्यावरून पळाला. पॅरिसला आज जो शिळालेख उभा आहे, त्यातला हरवलेला भाग त्या चिंध्यांवरून भरला आहे.

जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात शिलालेख आहेत, वीरगळ आणि सतीशिळा आहेत. आधी जाऊन नुसतं पाहा, वही-पेन्सिल ने, अक्षर जसं दिसतं तसं काढ. ठसा परवानगीशिवाय घ्यायचा नाही. शुक्रवारी बंद असतं.